सरकीच्या आवाजाचा रकाना

मुंबईहून आलेली सगळी कार्डं मी दाभणानं भोक पाडून, लाल दोरीत ओवून, वर दुहेरी गाठ मारून फायलीला लावली. नोकरीत माझ्या हातून जी काही नीटनेटकी कामं झाली, त्यांत हे काम फार वर बसेल. प्रत्येक कार्डाचं भोक डाव्या कोपऱ्यात, एका रेषेत, तांदळाएवढाही फरक नाही. कागद आला की त्याला भोक पाडायचं आणि दोरीत ओवायचं, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि शिकवलेल्यापैकी तेवढंच मला पक्कं आलं होतं.

आठवड्यानं मुंबईचे साहेब आले. फाईल उघडली आणि उभे होते ते खुर्चीत बसले. पाणी मागितलं. मग म्हणाले, "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. आवाजात थोडा अभिमानही असावा.

त्यांनी एक कार्ड दोरीतून सोडवून खिडकीच्या उजेडात धरलं. पोस्टकार्डाहून लांब, पिवळसर, त्यात बारीक चौकोनी भोकं. "यंत्र ही भोकंच वाचतं," ते हळू म्हणाले. "एक भोक म्हणजे एक खूण. तुम्ही प्रत्येक कार्डात एक खूण वाढवून ठेवलीय."

आम्ही अजमावण्यापुरते काही फॉर्म भरून पाठवले होते. ते मुंबईत कार्डांवर उतरवून, फॉर्माशी ताडून बघा म्हणून माझ्याकडं परत आले होते. ताडून मी बघितलेच होते. पुढचं दाभण हे माझं स्वतःचं योगदान. कार्डं परत मुंबईला गेली आणि नव्यानं झाली. साहेब रागावले नाहीत, ते जास्त लागलं. आमच्या केंद्राचे प्रमुख मात्र हंगामभर मला दाभण मागत राहिले. "बाबू, तुमचं दाभन द्या बरं, माह्या चष्म्याले भोक पाडाचं हाये." घरी सांगितलं तर नवीनच लग्न होऊन आलेली बायको भाकर थापता थापता हसत सुटली, ती तव्यावरची करपेपर्यंत. करपलेली मीच खाल्ली.

हे सगळं सत्तरचं दशक सरत आलं तेव्हाचं. मी मंगरूळपीरला कापूस खरेदी केंद्रावर कारकून होतो. आता आम्ही ऐटीत वाशीम जिल्हा म्हणतो. तेव्हा बारीकसारीक गोष्ट अकोल्याला विचारावी लागे. जिनिंगच्या आवारात दिवाळीनंतर बैलबंड्यांची रांग लागायची, ती दर्ग्याच्या रस्त्यापर्यंत जायची. बंडीतला कापूस बघून त्याची प्रत ठरवायची आणि मग वजन. प्रत ठरवायला आमच्याकडं एकच माणूस होता. मी त्यांना काका म्हणे.

काका किन्हीराजाचे. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धर्म स्वीकारला तेव्हा ते जिनिंगमध्ये हमाल होते, आणि मी त्यांना भेटलो तेव्हाही हजेरीपटावर हमालच होते. मधल्या वर्षांत त्यांना प्रत कळायला लागली होती, एवढंच. जुने जाणकार एकेक करून गेले आणि ठरवायचं काम आपोआप यांच्याकडं आलं. कागदावर ते कुणी आणलं नाही. दर हंगामाला नवी चिठ्ठी निघायची आणि तिच्यावर 'हमाल, हंगामी' असं लिहिलेलं असायचं. लिहिणारा मीच.

त्यांची रीत बघण्यासारखी होती. बंडीत कोपरापर्यंत हात घालून तळातला कापूस वर काढायचा. रंग बघायचा, पत्ती-कचरा बघायचा, दोन चिमटींत धरून धागा ओढायचा. इथपर्यंत कुणीही करील. मग बोंडातली एक सरकी सोलून दातांत धरायची आणि फोडायची. डोळे मिटलेले. क्षणभर थांबायचं, सरकी बाजूला थुंकायची आणि प्रत सांगायची. वजन वाढावं म्हणून कुणी कापसावर पाणी मारलेलं असलं तर ते रंगावरून कळत नाही, हातालाही दरवेळी कळत नाही. काकांना सरकीच्या आवाजावरून कळायचं. ज्यांनी काकांच्या हातचं पाणी घेतलं नसतं, असे मोठ्या जमिनींचे मालकही त्या वेळी मान पुढं करून त्यांच्या दातांकडं कान लावायचे.

मुंबईचे साहेब एका संशोधन संस्थेतून आले होते. चाळिशीचे, जाड काचांचा चष्मा, पाण्याची बाटली स्वतःची. त्यांचं काम काय, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. जाणकार माणूस एखादी गोष्ट कशावरून ठरवतो ते नीट लिहून काढायचं, त्याचे नियम बनवायचे, ते संगणकात घालायचे आणि बघायचं, की यंत्राला त्या माणसासारखं ठरवता येतं का. व्यापारातली असली माहिती पुढं यंत्रच सांभाळतील, असं ते म्हणत. मी संगणक बघितलेला नव्हता. गोदरेजच्या कपाटाएवढा असतो म्हणाले, म्हणून मी आमच्या कपाटाकडं बघून घेतलं.

साहेब गेल्यावर काका मला म्हणाले, "बाबू, त्या मशीनीले दात हायेत काय?"

"नाहीत जी."

"मंग कायले शिकून राह्यली बिचारी."

असं म्हणाले खरं, पण त्यांना त्या अभ्यासाची फार आस होती. कारण प्रमुखांनी त्यांना सांगितलं होतं, की अहवालात तुमचं नाव जाणकार म्हणून आलं तर वरच्या कचेरीचा तुम्हाला कायम करायचा विचार आहे, आणि हुद्दा मिळेल प्रतवारीकाराचा. काकांना पगारापेक्षा त्या शब्दाचं अप्रूप होतं. एकदा जेवायला म्हणून त्यांनी मला किन्हीराजाला नेलं होतं. शेणानं सारवलेलं लहान घर, भिंतीवर एकच तसबीर, तिला ताजा हार. तिच्या शेजारी एक नवा खिळा ठोकलेला, रिकामा.

"हा कशाले?" मी विचारलं.

"हुकूम आला का फ्रेम करतो आन अथी टांगतो," काका म्हणाले. "माह्या बापाच्या नावापुढं कागदात कामाठी होतं. माह्या नावापुढं हमाल हाये. पोराच्या पोरानं भिंतीकडं पाह्यलं तं त्याले कायतरी वाचाले पाह्यजे का नाही?"

काकू आतून म्हणाली, "खिळा ठोकून दोन महिने झाले. हुकमाच्या आधी खिळाच जंगून जाईन."

आम्ही तिघंही हसलो.

फॉर्म भरायचं काम माझ्याकडं आलं. प्रत्येक बंडीला एक फॉर्म. काका जे सांगतील ते अंकांत लिहायचं. रंग कसा, एक ते चार. कचरा किती, एक ते चार. मग ओलावा किती, आणि त्याच्या पुढचा रकाना, 'ओलावा कशावरून ठरवला'. तिथं एक म्हणजे बघून, दोन म्हणजे हातानं, तीन म्हणजे शेतकऱ्यानं सांगितल्यावरून, आणि नऊ म्हणजे माहीत नाही. खाली सूचना छापलेल्या होत्या. कोणताही रकाना कोरा सोडू नये. यांखेरीज काही सांगितल्यास फॉर्मच्या मागील बाजूस लिहावे.

दाभणाच्या त्या फेरीत साहेब स्वतः चार दिवस आवारात उभे राहिले होते. त्यांनी दात बघितले नाहीत का, असं कुणी विचारील. काकांनी दाखवले नाहीत. मुंबईच्या माणसासमोर तोंडात घालायचं आणि थुंकायचं त्यांना बरं वाटेना. ते पाठ फिरवायचे, उपरणं तोंडासमोर धरायचे आणि सरकी फोडायचे. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे गृहस्थ तंबाखू फार खातात का?" मी गालातल्या गालात हसलो आणि काही बोललो नाही. ही गंमत काकांना नंतर सांगायची, एवढंच तेव्हा मनात आलं. सांगितलीही. काका पोट धरून हसले.

साहेब गेल्यावर खरे फॉर्म सुरू झाले. अजमावणीच्या फॉर्मांत ओलाव्याचे रकाने नव्हतेच. पहिलीच बंडी मानोऱ्याकडची.

"काका, ओलावा?"

"मध्यम."

"कशावरून?"

"आता पाह्यलं नाही तुमी? दातावरून."

मी रकान्याकडं बघितलं. दात कुठं नव्हते. मागच्या बाजूला जागा होती, सूचनाही होती. पण दाभणाचं प्रकरण होऊन महिनाही झाला नव्हता. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की आता आपल्या पदरचं काही घालायचं नाही. छापलंय तेवढं भरायचं. शिवाय इतक्या बंड्या उभ्या, शेतकरी ओरडून राह्यलेले, प्रत्येक फॉर्म उलटा करून 'सरकी दाताने फोडून आवाजावरून' असं कोण लिहीत बसेल. आणि खरं सांगायचं तर सरकारी फॉर्मावर दात, थुंकी असलं लिहायला मला कसंसंच वाटलं. आपल्या काकांची मुंबईत शोभा होईल असंही वाटलं. इतकी कारणं मला तेव्हा एका मिनिटात सुचली. मी नऊ लिहिला.

दुसऱ्या बंडीलाही नऊ लिहिला. दुपारपर्यंत हाताला सवय झाली. पुढंपुढं तर मी तो रकाना आधीच भरून ठेवायचो, म्हणजे वेळ वाचतो. माझा नऊ सुरेख येतो, पोटाला गोल आणि शेपटी जराशी डावीकडं. फाल्गुनात सगळे फॉर्म पेटीत भरून पाठवले. एकही रकाना कोरा नव्हता. साहेबांचं पत्र आलं, फॉर्म अत्यंत स्वच्छ भरले आहेत. ते पत्र मी प्रमुखांना दाखवलं, बायकोला दाखवलं, काकांनाही वाचून दाखवलं. काका म्हणाले, "जमलं म्हना मंग."

पावसाळा उलटून पुढच्या हंगामाची तयारी सुरू झाली तेव्हा वरच्या कचेरीचं पत्र आलं. टपाल मीच फोडायचो. काका त्या दिवशी चिठ्ठीसाठी आलेले, समोरच्या बाकावर बसलेले. पाकिटावरचा शिक्का त्यांना ओळखू आला.

"वाचा बाबू."

मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मग थांबता येईना. अभ्यासातून असं आढळून आलं आहे, की सदर व्यक्तीचे ओलाव्याविषयीचे निर्णय बहुतांश बरोबर असले तरी ते कशावरून घेतले हे तिला माहीत नाही. अशा निर्णयांवर विसंबणं योग्य नाही. सबब प्रतवारीचं काम येत्या हंगामापासून प्रशिक्षित व्यक्तीकडं सोपवावं आणि सदर व्यक्तीस मूळ कामावर ठेवावं.

मूळ काम म्हणजे हमाली.

काकांनी पत्र माझ्या हातातून घेऊन त्यावरच्या शिक्क्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मले माहीत नाही असं कोन म्हनलं? म्या म्हनलो काय?"

माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे नऊ उभे राहिले, एकाखाली एक, गोल पोटाचे.

"कागदात तसं हाये," मी म्हणालो.

मी तेव्हा तेवढंच म्हणालो. ते उठले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि निघाले. दारात थांबून म्हणाले, "चिठ्ठी बनवून ठेवा. उद्या नेतो." मी बनवली. हमाल, हंगामी.

त्या रात्री मला झोप लागली नाही वगैरे लिहायला बरं दिसलं असतं. लागली. सकाळी उठल्यावर आठवलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी आठवत राहिलं.

नवे प्रतवारीकार आले. प्रशिक्षण घेतलेले, सभ्य गृहस्थ, त्यांच्यावर राग धरावा असं काही नव्हतं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र त्यांच्याजवळ होतं. त्याचे दोन खिळे कापसात खुपसले की काटा हलायचा. काका त्याच आवारात पाठीवर गाठोडी वाहायचे, हातात लोखंडी हूक. पन्नाशी उलटलेली, आणि कितीतरी वर्षांत त्यांनी वजन उचललेलं नव्हतं. संध्याकाळी खोकताना त्यांच्या मिशीवर रुईचा पांढरा कण दिसायचा. जुने शेतकरी सवयीनं बंडीतली सरकी त्यांच्यापुढं धरायचे. "काका, पाहा बरं एकडाव." काका म्हणायचे, "साहेबाले इचारा." पण मी बघितलंय, ओझं टाकून परत येताना ते कुठल्या तरी बंडीतली एक सरकी चिमटीत घ्यायचे, पाठ फिरवायचे आणि फोडायचे. मग प्रत न सांगता पुढच्या गाठोड्याकडं जायचे.

संक्रांत झाल्यावर एके दिवशी मी त्यांना वजनकाट्यामागं चहाला बोलावलं. बशीतला चहा त्यांनी संपवेपर्यंत थांबलो. मग सगळं सांगितलं. रकाना, दाभणाची भीती, मागची कोरी बाजू, सगळं.

"नऊ म्हंजे काय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"तुमालेच माहीत नाही तं लिहिला कायले?"

"तसं नाही काका. नऊचा अर्थच तो. माहीत नाही."

त्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता ते बोलतील आणि मी ऐकून घेईन, आणि काहीतरी हलकं होईल. त्यांनी मला तेवढंही दिलं नाही. हसले, आणि खोकले. "मंग मशीन खोटं कुठं बोलली? जे तिले सांगतलं तेच तिनं सांगतलं. तिच्यावर मी फुकटचा खार खाऊन होतो."

"काका, माझी चूक झाली."

"झाली," ते म्हणाले. "इतल्या वेळा इचारलं तुमी मले, कशावरून, कशावरून. मले वाटे, बाबू लिहून राह्यला." मग थोड्या वेळानं, "तो कोरा फारम हाये काय एखादा? आना."

कपाटात उरलेले होते. मी एक आणला. त्यांनी तो उलटा करायला लावला. "आता लिहा. वाळलेली सरकी कट्टकन बोलते. दवातली असन तं आधी दबते, मंग बोलते. पानी मारलेली बोलतच नाही, चिप होते. मांगच्या सालचा कापूस मिसळला असन तं आवाज बरोबर येते, पन जिभीले खवट लागते. म्हनून थुकायची घाई कराची नाही." एक पान भरलं. मी लिहिता लिहिता वर बघितलं तर त्यांनी डोळे मिटले होते, बंडीजवळ मिटायचे तसेच. "आन खाली लिहा," ते म्हणाले, "हे सांगनाऱ्याले माहीत हाये."

तो कागद मी रजिस्टर टपालानं मुंबईला पाठवला, सोबत माझ्या चुकीचं पत्र. साहेबांचं उत्तर आलं. मनापासून लिहिलेलं होतं. तंबाखूबद्दल त्यांनी विचारलं होतं आणि मी काही बोललो नव्हतो, ते त्यांना आठवत होतं. अभ्यास संपला आहे, अहवाल सादर झाला आहे, तरी वरच्या कचेरीला मी कळवतो, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांनी कळवलंही असेल. आमच्या टपालात काही आलं नाही. काकांनी चार-पाचदा दारातून विचारलं, "आलं काय?" मग विचारायचं सोडलं.

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. छातीचं होतं म्हणाले. आम्हाला आठ दिवसांनी कळलं. मी आणि बायको एसटीनं किन्हीराजाला गेलो. काकू भिंतीला टेकून बसली होती. बायको तिच्याजवळ जाऊन बसली. मला कुठं बघावं कळेना म्हणून मी तसबिरीकडं बघितलं, आणि मग शेजारच्या खिळ्याकडं बघावंच लागलं. खिळ्याला त्यांचा हमालीचा हूक टांगलेला होता. मुठीजवळचं लोखंड घासून गुळगुळीत झालेलं.

काकूनं माझी नजर बघितली. "त्याईनंच टांगला," ती म्हणाली. "म्हने, खिळा रिकामा बरा नाही दिसत."

परत येताना फाट्यावर गाडीची वाट बघत उभे होतो. बायकोला तोपर्यंत फक्त दाभणाचं माहीत होतं, त्यावर ती आल्या-गेल्याला हसवायची. बाकीचं मी तिला तिथं, रस्त्याच्या कडेला सांगितलं. तिनं मध्ये दोनच गोष्टी विचारल्या.

"मांगं लिहाले जागा होती?"

"होती."

"आन काका रोज सांगत होते, दातावरून?"

"रोज."

गाडी आली. आम्ही चढलो, बसायला जागा मिळाली. शेलूबाजार मागं पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुमी आपले दाभनानंच भोकं पाडत जा. ते लोकाईले दिसते तरी."